इकडचा उकाडा तिकडे

मी चाकांवरचा एसी बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय मला. पोर्टेबल एसी घरात घ्यावा की नको, त्याचे फायदे काय, तोटे काय, म्हणे तूच सांग. अरे, घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारता, शेजाऱ्याला विचारता, मोबाइलला विचारता, आणि घेऊन फसलात की माझी आठवण येते. माझं शिक्षण किती? पाठीवर एक स्टिकर चिकटवलाय, तेवढंच. तोही अर्धा सोललाय. तरी ऐकायचंच असेल तर गप बसून ऐका. मध्ये तोंड घालायचं नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मी थंडी बनवत नाही. थंडी कुणालाच बनवता येत नाही. मी इकडचा उकाडा उचलतो आणि तिकडे नेऊन टाकतो. हमाल आहे मी हमाल. ओझं कुणाच्या दारात टाकायचं ते मालक ठरवतो. माझा तो हत्तीच्या सोंडेसारखा जाड पाइप दिसतो ना, तो त्यासाठीच आहे. त्याचं तोंड ज्याच्याकडे, त्याच्या नशिबी फुफाटा.

जन्म म्हणाल तर कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर. माझी चाकं बसवणारी बाई त्या दिवशी सारखी जांभया देत होती, म्हणून माझं एक चाक आजही तिरकं पळतं. तिच्यावर माझा राग नाही. दिवसभर उभं राहून एकच काम केलं की माणसाला जांभई येणारच.

मला घरी आणलं ते एका बाईसाठी. ती शिवणकाम करायची. दवाखान्यातल्या लोकांचे पांढरे कोट, पांढरे गणवेश. नवरा कधीच गेला, त्यानंतर त्याच शिलाई मशीनवर तिने मुलगा आणि मुलगी वाढवली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. मुलगा इथेच, बायकोसह, आणि पुढच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करायचा. घरात सगळे त्याला साहेब म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे, पण त्याने ते मनावर घेतलं.

तर या बाईला उन्हाळ्यात चक्कर आली. डॉक्टरने सांगितलं, हिला उकाड्यात बसवू नका, झेपणार नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, माझ्याकडे ये." बाई म्हणाली, "तुझ्याकडे येऊन काय करू? टीव्ही बघू? माझी खोली, माझी मशीन, माझं काम. मला इथून हलवू नका." घाबरत असेल तर ती एवढ्याच गोष्टीला. आपल्या हातचं काम सुटेल आणि आपण कुणाच्या तरी घरी पाहुण्यासारखे पडून राहू.

मग घरात बैठक बसली. भिंतीवरचा एसी लावावा, तर घर भाड्याचं, घरमालकीण भिंतीला खिळा ठोकू देत नव्हती. साहेबाचा मेहुणा आला होता. कुणी न विचारता सल्ला देणारा माणूस प्रत्येक घरात एक असतो, त्या घरातला तो.

"दाजी, पोर्टेबल घ्या. भिंत फोडायला नको, कुणाला विचारायला नको. घर बदललं की बरोबर न्यायचा. आणि चाकं आहेत! दिवसा मावशींच्या खोलीत, रात्री तुमच्या खोलीत."

"आवाज करतो म्हणे," सून म्हणाली.

"ताई, तू घोरणाऱ्या माणसाशी संसार करतेस. तुला काय फरक पडणार?"

सगळे हसले. बाईसुद्धा हसली. फायद्या-तोट्यांचा विचार झाला तो एवढाच. आवाज माझा आहेच, पोटातच सगळं यंत्र आहे, बाहेर टांगलेलं नाही. वीज मी पितो, हेही खरं. पण ज्या दोन गोष्टी बघायच्या त्या कुणीच बघितल्या नाहीत. पाइपचं तोंड कुठे काढायचं, आणि दोन खोल्यांच्या मधला उंबरा किती उंच आहे.

उंबरा वीतभर उंच निघाला. चाकं काय, त्यावरून मांजरही उडी मारून जायची. मी पुढच्या खोलीतच अडकलो. मला उचलून पलीकडे ठेवायला दोन माणसं लागतात. घरात माणसं होती, उचलणारं कुणी नव्हतं. म्हणून बाईनेच आपली मशीन पुढच्या खोलीत आणली. एकच दुपार बसली. साहेब कानावरचं यंत्र बाजूला करून म्हणाला, "आई, तुझी खडखड पलीकडे ऐकू जाते गं. माझी मीटिंग आहे." मशीन परत मागच्या खोलीत गेली. मशीनला उंबरा अडला नाही, कारण ती तिने स्वतः उचलली.

म्हणजे मी ज्या बाईसाठी आलो ती आत, आणि मी बाहेर साहेबाच्या पायाशी.

तोवर माझा पाइप पुढच्या खिडकीतून बाहेर होता. ते ठीक होतं. पण वरच्या मजल्यावर घरमालकिणीची फुलझाडं होती. ती एक दिवस जिना उतरून आली ती भांडतच. "माझी झाडं करपली! तुमचं ते धूड बंद करा, नाही तर घर रिकामं करा." साहेबाने मेहुण्याला फोन केला, मेहुणा धावत आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मधल्या भिंतीत एक झरोका होता, आतल्या खोलीत उघडणारा. त्याने माझा पाइप ताणून त्या झरोक्यात बसवला, भोवती पुठ्ठा लावला, चिकटपट्टी मारली आणि हात झटकले.

"झालं! आत मावशींची खिडकी आहे, त्यातून जाईल हवा बाहेर."

सुनेने विचारलं, "पण आईंना गरम होईल ना?"

बाईच म्हणाली, "होऊ दे गं. मी खिडकी उघडते, पंखा लावते. त्याच्या कामाचा खोळंबा नको."

त्या माणसांना एवढंही कळलं नाही की ती खिडकी उघडणारच नाही. बाहेर रस्ता खणून ठेवला होता, धूळ उडत होती, आणि आत पांढरं कापड होतं. पांढऱ्या कोटावर धुळीचं बोट उमटलं की सगळं धुणं परत. आणि पंखा? पंखा लावला की कापलेले तुकडे खोलीभर उडतात, बाही कुठली आणि कॉलर कुठली ते गोळा करत बसा. खिडकी बंद, पंखा बंद, आणि वरून माझा फुफाटा. मी ओकत राहिलो. दुसरं काय करणार?

बरं, साहेबाला तरी सुख लागलं का? नाही. मी खोलीतली हवा बाहेर फेकली की तेवढीच हवा दाराखालच्या फटीतून आत येते, आणि दाराच्या पलीकडे होती तीच भट्टी. तिला दिलेली गरम हवा फिरून परत माझ्याकडे. म्हणून साहेब मला आणखी जोरात चालवायचा, आणि मी आणखी गरम ओकायचो. "थंडच करत नाही हे," असं म्हणून माझ्या डोक्यावर टपली मारायचा. मी बैलासारखा राबत होतो आणि वर शिव्या खात होतो.

एकदा ती दारात येऊन पदराने मान पुसत म्हणाली, "फार उकडतंय रे आज."

त्याने मान वर न करता सांगितलं, "आई, घरात एसी चालू आहे."

त्या घरात माझी विचारपूस कुणी केली असेल तर तिनेच. माझी जाळी काढून ब्रशने साफ करायची. माझ्या पोटात पाण्याची टाकी आहे, हवेतला दमटपणा तिथे साठतो. ती भरली की मी थांबतो आणि टीं टीं करतो. एवढंच मला बोलता येतं. आवाज आला की ती हातातलं काम ठेवून यायची, ताटलीत पाणी काढायची आणि इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर शिंपडायची. म्हणायची, "दमलास का रे? दमणारच. बसून खाणारे वेगळे असतात." माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. आणि तिच्याच डोक्यावर मी दिवसभर आग ओतत होतो.

त्या दुपारी तिची मशीन थांबली. माझ्या पाइपचं तोंड तिच्या खोलीत, म्हणून मला आतलं सगळं ऐकू यायचं. मशीन थांबली की दोरा ओवते, कात्री चालते, खुर्ची सरकते. त्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. कात्री जमिनीवर पडल्याचा आवाज आला आणि मग शांत.

मी चालूच. मला बंद करणारं बटण माझ्या हातात नाही. पण टाकी भरत आली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, लवकर भर गं टाकी, लवकर भर. भरली. मी थांबलो आणि जीव तोडून ओरडायला लागलो. टीं टीं. टीं टीं.

"आई, याचं पाणी काढ गं," साहेब म्हणाला.

टीं टीं.

"आई! ऐकू येतंय का? माझा फोन चालू आहे!"

टीं टीं. टीं टीं.

"काय कटकट आहे," म्हणून तो पाय आपटत उठला, तिला बोलायलाच आत गेला. आणि मग तो जो ओरडला, ते माणसाचं ओरडणं होतं, साहेबाचं नव्हे.

ती वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं म्हणे, "कुठे बसवलं होतंत यांना? चुलीत?" जीव वाचला, पण उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, पण थरथरतो. सुईत दोरा ओवता येत नाही, कात्री धरता येत नाही. मुलगी आली, चार साड्या पिशवीत भरल्या आणि आईला घेऊन गेली. जाताना भावाला एवढंच म्हणाली, "दादा, एसी आईसाठीच घेतला होतास ना रे?" बाई मशीनवरून डावा हात फिरवत उभी होती. ज्याची भीती होती तेच झालं.

मेहुणा त्याआधीच दवाखान्यात जाऊन तिच्या खाटेशी रडला होता. "मावशी, पाइप मी लावला. अक्कल नव्हती मला." असं त्याने घरी येऊन सुनेला सांगितलं तेव्हा मी ऐकलं. त्या दिवसापासून तो कुणाला सल्ला देत नाही म्हणतात. सून तर माझ्याजवळ येऊन बसली, पाइप स्वतःच्या हाताने झरोक्यातून ओढून काढला आणि तो मांडीवर घेऊन रडली. "मी विचारलं होतं, पण मग गप्प बसले," म्हणाली. घरमालकीण फळं घेऊन येऊन गेली.

आणि साहेब? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "या फालतू मशीनमुळे झालं सगळं. आईचा जीवच घेत होतं." लोक माझ्याकडे खुनी असल्यासारखं बघायचे. पाण्याने पोट भरून मी ओरडलो नसतो, तर तो संध्याकाळपर्यंत तिथे बसून फोनवर बोलत राहिला असता. हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून तर मला घरात ठेवणं त्याच्या सोयीचं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मला जुन्या सामानाच्या दुकानात आणून टाकलं.

आता इथे एका मोडक्या कपाटाला टेकून उभा आहे. लोक येतात, चाकं फिरवून बघतात, "सोयीचा आहे हो," म्हणतात. आहेच सोयीचा. भाड्याच्या घरात, एका खोलीत, एका माणसासाठी मी चांगला आहे. पण मला न्यायचं तर माझ्या पाइपचं तोंड मोकळ्या आकाशाकडे ठेवा. ते जमत नसेल तर हात लावू नका, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि गप पडा. आणि मला ज्याच्यासाठी आणलं, त्या माणसाच्या खोलीत दर दोन दिवसांनी जाऊन बघा. फोनवर बोलत नव्हे. बसून.

मला आता कुठे जायचंय असं नाही. गंज चढेल, भंगारात जाईन, त्याचं काही नाही. चुकलं म्हणणारे सगळे म्हणून गेले. एकच माणूस उरलाय, ज्याने आधी त्या बाईची आणि मग माझी माफी मागायची आहे. तो तिचा मुलगा, साहेब.