पवळ्याच्या दाव्यातलं मेडल

शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा माझी सून मंजुषा फुलबाजारातून नुकतीच आली होती. हातपायही धुतले नव्हते. मुलींना पळायला शिकवणारी बाई हवी आहे, कॉलेजात खेळल्याचा पुरावा घेऊन शनिवारपर्यंत या, असं त्या म्हणाल्या. फोन ठेवून ती ओट्यावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

"ट्रंक काढू का?" मी विचारलं.

"राहू द्या नाना. दमले मी."

शेवटी मीच खाटेखालून ट्रंक ओढली. तळ सुटलेले स्पाइकचे बूट, पाठीवरची अक्षरं सोलून निघालेला निळा ट्रॅकसूट, संघाचा एक फोटो. प्रमाणपत्रं नव्हतीच, तिच्या माहेरी नदीचं पाणी शिरलं तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. उरलं होतं ते आठशे मीटरचं मेडल, आणि ते ट्रंकेत नाही हे मला आधीच ठाऊक होतं.

"मेडल कुठंय?" मंजुषाने विचारलं.

"पोळ्याला पवळ्याच्या गळ्यात बांधलं की तुझ्या सासऱ्यानं," माझी बायको धोंडाबाई आतून म्हणाली. "चाळीस वर्षं मास्तरकी केली, अक्कल तेवढी शाळेतच ठेवून आले!"

"मी विचारलं होतं हिला."

खरंच विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सकाळी, बैलाला लाल रिबीन शोभेल म्हणून. ती म्हणाली होती, "कशाला लागतंय आता." शाळेत पोरांनी 'समजलं' म्हटलं तरी ते कुठल्या आवाजात म्हटलं ते ऐकून मी पुढचा धडा घ्यायचो. घरात मात्र तेवढंही जमलं नाही.

पवळ्याला गेल्या उन्हाळ्यात विकलं. पण आमच्यात जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, घरची लक्ष्मी जाते म्हणतात. ते गोठ्यात खुंटीला होतं. पोळ्याचे गोंडे सोडायचे राहून गेले होते आणि त्यांतच मेडल. चिंच लावून घासलं. पुढची पळणारी आकृती उजळली. मागची अक्षरं मात्र बैलाच्या मानेवर घासून घासून पार गेली होती.

मंजुषाने ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "हे कुणाचंही असू शकतं, नाना."

"कॉलेजात नोंद असेल. तिथून लिहून आणू."

"दसरा पाच दिवसांवर आलाय. झेंडू कोण तोडणार? तुमचे गुडघे?"

"माझे," धोंडाबाई दारात येऊन म्हणाली. "उद्या तू जा. अन् ह्यांना बरोबर ने, नायतर इथं अजून कायतरी कुणाच्या गळ्यात बांधतील."

मंजुषा हसलीही नाही. मेडल मुठीत धरून म्हणाली, "सकाळच्या बसने जाऊ. अर्ज तुम्हीच लिहा, आज पेन धरवत नाही."

मी कागद घेतला. "तेव्हा नाव काय लावायचीस?"

"मंजुषा भिकन गायखे."

ती सून होऊन आल्यापासूनच्या अठरा वर्षांत हे नाव लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. सावकाश, सुटं सुटं लिहिलं. मग कुठल्या वर्षी पळालीस हे विचारायला मान वर केली, तर ती भिंतीला टेकून झोपली होती. उठवावंसं वाटलं नाही. वर्षाची जागा कोरी सोडून मी पुढची ओळ लिहायला घेतली.