तिसरी धुरी

जानेवारी १९६४. मेहकरपासून चार कोसांवरच्या गावात पुष्पाबाईच्या तान्ह्या मुलीचा एकविसावा दिवस होता. पहाटेपासून तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती.

सासूबाई मंजुळाबाईंनी निदान केलं होतं: छातीत गारठा बसला. उपायही ठरलेला. खोलीचं दार लावायचं, खापरात गोवरीचे निखारे, त्यावर ओवा, शेपा, लसणाची सालं. धुरी रोज आंघोळीनंतर एकदाच असे. आज नऊ वाजेपर्यंत दोनदा झाली होती आणि मंजुळाबाई तिसऱ्यांदा खापर घेऊन आल्या.

"आत्याबाई, मघाच्या धुरीनंच वाढलं," पुष्पाबाई म्हणाली.

"तू शिकवतं मले? चार पोरं याच धुरीवर वाढवले मी."

"पाच होते," दाराबाहेरून आवाज आला.

सासरे उकंडराव. तीस वर्षांपासूनचे दमेकरी. धुरीच्या वेळी ते अंगणात जाऊन बसत. बाळंतिणीच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आज दार ढकलून आत आले.

"बाप्या माणसाचं काय काम इथं?" मंजुळाबाई ओरडल्या.

"हा आवाज माह्या छातीचा हाय, मी वळखतो. धूर दिसला की मी पळतो. तिले पळता येते का?"

त्यांनी पोरीला उचललं.

"हवा लागन तिले! मराले नेता का?"

मंजुळाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. निखाऱ्यावरचा ओवा तडतडला. उकंडरावांना खोकल्याची उबळ आली, पण पोरीभोवतीचे हात सुटले नाहीत. पुष्पाबाईनं सासूला खांद्यानं बाजूला सारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

दहाच्या गाडीनं चौघंही मेहकरला गेली. डॉक्टरांनी सुई दिली, तीन तास समोर ठेवून घेतलं. कातडी ओढली जायची थांबली.

"घरात दमा कोणाला आहे?"

उकंडरावांनी छातीवर हात ठेवला. "हिले पण होईन का?"

"आज सांगता येत नाही. घरात आहे, म्हणून शक्यता आहे. तान्हेपणी धूर लागला तर ती शक्यता वाढते. चूल, विडी, धुरी, सगळं हिच्यापासून लांब ठेवा. तेवढं तुमच्या हातात आहे."

चौघंही परतीच्या गाडीत बसली. गाव जवळ आल्यावर मंजुळाबाई म्हणाल्या, "मंग आंघोळीनंतर पोरगी शेकू कशी?"

"उन्हात," उकंडराव म्हणाले.