चौदाशे वानरं आणि एक आबा

उरवड्याला शैलेशची शेड आहे. तिथे फायबरचे पुतळे होतात. फार्महाउसच्या फाटकावरचे सिंह, देवळापुढचे नंदी होतात; पण मुख्य काम अर्धपुतळ्यांचं. माजी सभापती, संस्थापक, कुणाचे तरी वडील. एका विज्ञान उद्यानाने चीनच्या दक्षिणेकडच्या गुआंगशी प्रांतातले दुर्मिळ प्राणी त्याच्याकडून करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा सोबत मलाही पाठवलं. मी प्राणिशास्त्र शिकले आहे. प्रत्येक प्राणी मोजायचा, रंग पडताळायचे आणि 'बरोबर' म्हणून सही करायची, एवढंच माझं काम.

खवले मांजराच्या खवल्यांवरून आमचं तीन दिवस वाजलं. पांढऱ्या डोक्याचं वानर मात्र शैलेशला पहिल्या झटक्यात साधलं. काळं अंग, पांढरंशुभ्र डोकं, टाळूवर मधोमध उभा राहिलेला टोकदार तुरा, आणि सगळ्या जगाने आपल्याला विचारून वागावं अशी नजर. हे वानर तिथल्या चुनखडीच्या डोंगरांखेरीज कुठेही राहत नाही. चौदाशेच्या आसपास उरली आहेत. मी सही केली.

माल सोमवारी दुपारी एकच्या आत निघायलाच हवा होता. ट्रकला दीड दिवस लागणार आणि बुधवारी सकाळी उद्घाटन. उशीर झाला असता तर गुआंगशीच्या दालनात नुसत्या पाट्या राहिल्या असत्या, आणि शैलेशला असं काम पुन्हा कुणी दिलं नसतं.

अकरा वाजता फाटकातून ट्रॅक्टर आत आला. वर विठ्ठलराव, गावचे माजी सरपंच आणि शेडच्या जागेचे मालक. कडक इस्त्रीचा सदरा, मांडीवर नारळ. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"कुटं हाय?" उतरता उतरता त्यांनी विचारलं.

"काय, आबा?" शैलेश म्हणाला.

"काय म्हंजी? माझा पुतळा! लाजतोस काय पोरीवानी?"

झालं होतं असं, की आदल्या दिवशी पॅकिंग चालू असताना कुणीतरी वानराचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. मानेखाली सगळं गोणपाटात गुंडाळलेलं. या शेडमधून बाहेर पडणारं डोकं पुढाऱ्याचंच असतं, अशी गावाला सवय. सकाळपर्यंत आबांना एक्याण्णव अभिनंदनं आली होती.

मी आबांकडे नीट पाहिलं. पांढरेशुभ्र केस, टाळूवर मधोमध उभे. नजरही तीच.

पुतळे घासून गुळगुळीत करणाऱ्या साळूबाईंनी पदर तोंडात कोंबला. शैलेश काही बोलणार, तोवर आबांनी स्वतःच गोणपाट ओढायला घेतलं. ओढतच राहिले, कारण शेपटी संपेना.

"ह्ये काय हाय?"

"शेपटी," मी म्हणाले. "ब्याऐंशी सेंटिमीटर. अंगापेक्षा लांब असते."

"माझी?"

"वानराची."

आबांनी नारळ खाली ठेवला. मग ट्रॅक्टर फाटकात आडवा लावला आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"शेपूट कापा. मग गाडी जाईल."

"आबा, अहो, ते वानरच आहे," शैलेश काकुळतीला आला.

"आता सांगतोयस व्हय? मी निम्म्या लोकांचं आभार मानून बसलोय! लेकीच्या सासरहून फोन आला, पुतळा कुटल्या चौकात बसवणार म्हणून!"

शैलेशची नजर ग्राइंडरकडे गेली. मी मध्ये उभी राहिले. "शेपटी कापली तर मी सही मागे घेईन."

"मग डोस्कं बदला."

"तेही चालणार नाही."

"तितं कुणाला कळणार हाय?"

"मला."

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. मग तुमीच काढा मार्ग."

मी विचार केला. दोन गोष्टी सारख्या दिसत असतील आणि त्या सारख्या दिसायला नको असतील, तर एक बदलावी लागते. "आबा, वानरं चौदाशे आहेत. सगळी अशीच दिसतात. तुम्ही एकटे आहात. तुम्हाला बदलणं सोपं."

आबांचा हात आपोआप स्वतःच्या तुऱ्यावर गेला.

"बाई बरुबर बोलत्यात," साळूबाई म्हणाल्या. "कलप लावा, आबा. आन् काळ्या केसांचा फोटू टाका गुरुपवर. म्हणावं, मी ह्यो असा. त्यो पुतळा दुसऱ्याच कुणाचा."

"कुणाचा?"

"चीनच्या एका पुढाऱ्याचा."

आबांना हे पटलं. विलास न्हावी स्कूटरवरून आला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्याने कलप लावला आणि ब्रश मिशीकडे नेला.

"मिशीला हात लावशील तर बघ! आज्यापासनं अशीच हाय."

मिशी गालांवरून थेट कल्ल्यांना जाऊन मिळालेली, सगळी पांढरी. मी घड्याळाकडे पाहत होते. बारा पंचवीसला विलासने डोकं धुतलं.

काळाभोर तुरा. काळं डोकं. आणि ओठांच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत एकच पांढरा पट्टा.

गुआंगशीत आणखी एक दुर्मिळ वानर आहे, फ्रान्स्वा वानर. ते सगळं काळं असतं; गालावर फक्त एक पांढरा पट्टा, ओठांच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत. आमचं ते ट्रकच्या बाजूला उभं होतं, गुंडाळायचं राहिलेलं.

साळूबाई शेडच्या मागे पळाल्या. शैलेश गोणपाट घेऊन धावला, पण आबा आधी पोहोचले. त्यांनी वानराकडे पाहिलं. स्कूटरच्या आरशात पाहिलं. परत वानराकडे पाहिलं.

"ह्यो कोण?"

"हेही तिकडचंच," मी म्हणाले. "दोनेक हजार असावीत. कमी होत चाललीत." त्यांनी एवढंच विचारलं होतं, म्हणून मी एवढंच सांगितलं.

आबांनी सावकाश कल्ल्यावरून बोट फिरवलं.

"त्या म्हाताऱ्यापरीस ह्यो लई देखणा हाय."

"आबा, पण शेपटी..." शैलेश बोलून गेला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आसंना का! शोभतीया त्याला."

मग त्यांनी विलासला त्या वानराशेजारी आपला फोटो काढायला लावला, दोनदा, कारण पहिल्यात तुरा नीट आला नव्हता. एकला पाच कमी असताना त्यांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला. ट्रक निघाला, तसा त्यांनी हात दाखवून तो थांबवला आणि ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले.

"गतिरोधकावर हळू घे रं. आत आपलं माणूस हाय."