दोन्हीकडून गेलेलं नाव

हे लिहिणारच नव्हतो. कारण मलाच अजून नीट कळलेलं नाही. पण मनाइया म्हणाली, "लिही. लिहिताना तरी कळेल तुला."

मनाइया आणि मी ऑकलंडला एकत्र शिकलो. दोघंही ऑस्टिओपॅथ. आखडलेल्या पाठी, माना हातांनी मोकळ्या करायच्या, हेच काम. ती ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला गेली, स्वतःचा दवाखाना काढला. आता तिला आठवा महिना. वाकता येत नाही. म्हणून मला बोलावलं. मी उभा राहिलो नाही तर दवाखाना बंद, पेशंट दुसरीकडे.

पेशंटला हात लावायला इथे नोंदणी लागते, पण त्यासाठी परीक्षा वगैरे नाही. न्यूझीलंडात नोंदणी असली की तिच्या जोरावर इकडची मिळते. अर्ज केला. आणि मग शहाणपणा केला. निघालोच आहे तर उगाच कशाला न्यूझीलंडच्या यादीत अडकून राहायचं? तिकडच्या कार्यालयाला छान मेल टाकला, माझं नाव काढा, आभारी आहे. आमच्याकडे भाड्याचं घर सोडताना ओव्हनसुद्धा आतून घासून जातात. त्यातलाच प्रकार.

सोमवारी दवाखान्यात होतो, तेव्हा इकडच्या कार्यालयातून फोन. बाई गोड होत्या.

"रेवी, नोंदणी कशाच्या जोरावर द्यायची?"

"तिकडच्या."

"तिकडे तर तुम्ही नाही आहात."

"कारण मी इकडे आलोय."

"इकडेही अजून नाही आहात."

"मग मी आहे कुठे?"

"ते मला नाही सांगता येणार, राजा."

हे सगळं कॉलिननं ऐकलं. मेंढ्यांची लोकर कातरण्यात जन्म गेलेला म्हातारा. पाठ धरली म्हणून गालिच्यावर आडवा पडला होता.

"ए किवी, ये की. दाब जरा."

"नाही दाबता येणार, काका."

"का? हात तिकडेच ठेवून आलास?"

"हात आणलेत हो त्यानं," आतून मनाइया, "अक्कल राहिली."

मग तीच धापा टाकत गुडघ्यांवर बसली. मी फक्त तिचा दंड धरून. एवढं तरी चालतं का, देव जाणे. कॉलिन उठला. पण आता तिला उठता येईना. मी एका बाजूनं, तो दुसऱ्या. तिघंही हसत होतो. ती हसता हसता रडायला लागली.

"रेवी, पुन्हा नाव लागायला किती दिवस? तोवर मी काय करू? तू वैतागून परत जाशील."

किती दिवस ते माहीत नाही. तिकडे पुन्हा अर्ज टाकलाय. ते म्हणतात, आत्ताच तर गेलात ना?

मी तिला म्हटलं, "नाव लागेपर्यंत कुणाच्या पाठीला बोट लावणार नाही. पण फोन घेईन, टॉवेल धुईन, लोकांना थांबा म्हणून विनवीन. आधी बाळ येवो नाहीतर नोंदणी, दार रोज मी उघडणार. शप्पथ."