मिठाच्या पाण्याचा मानकरी

मी सतरा क्रमांकाचा पांढरा उंदीर आपल्याशी बोलतो आहे. शेपटी गुलाबी, डोळे लाल आणि प्रकृती उत्तम. दर सोमवारी ती तराजूवर सिद्ध होते.

माझा जन्म म्हसळ्याजवळच्या एका संशोधन संस्थेत, भाताच्या तुसाच्या मऊ अंथरुणावर झाला. येथे पूर्वी नावाची आगरदांड्याच्या कोळ्यांची मुलगी एका प्रश्नाचा छडा लावते आहे. एचआयव्हीची बाधा झालेला मनुष्य उत्तेजक अमली पदार्थ घेऊ लागला, तर त्याच्या मेंदूवर दुहेरी आघात होतो काय? माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. म्हणून आमची नेमणूक. आमच्यापैकी काहींच्या शरीरात त्या विषाणूची केवळ प्रथिने जन्मतःच तयार होतात, विषाणू नव्हे. काहींना उत्तेजक टोचतात. काहींच्या वाट्याला दोन्ही येते. माझ्या गटाला मात्र निव्वळ मिठाचे पाणी!

प्रारंभी मला हा अपमान वाटे. टोचल्यावर आम्हाला एकेक करून काळ्या पेटीत सोडत आणि वरचा कॅमेरा आमची धाव मोजत असे. उत्तेजकवाले तासभर गरगरत. मी चार कोपरे हुंगून स्वस्थ बसे. आमची देखभाल करणारे बुधाजी म्हणत, "ह्यो सतरा म्हंजे सरपंच. बसला का बसला!"

फेब्रुवारीत मात्र विपरीत घडले. एके दिवशी पूर्वीने मला छातीशी धरले आणि असा स्वर्गीय गंध माझ्या केसांत उतरला, की त्याचा उगम शोधत मी पेटीभर धावत सुटलो. माझा सगळा गट धावला. आठवडाभर धावला.

"बाटल्यांची अदलाबदल झाली आहे," पूर्वीचे मार्गदर्शक सर म्हणाले. "कारण सापडले नाही, तर तुझे दोन वर्षांचे काम रद्द करावे लागेल, पूर्वी."

"सर, चिठ्ठ्या मी तीन-तीनदा तपासल्या हो!" पूर्वी डोळे पुसत म्हणाली.

मला विचारावे असे कोणालाच सुचले नाही. विद्वानांची ही खोड जुनीच आहे.

अखेर तूस बदलताना बुधाजींनी नाक मुरडले. "पूर्वीताय, रागावू नको. तुझ्या कोटाला बोंबलाचा वास मारतोय."

"मला तर काहीच येत नाही."

"तुला कसा येल? तू त्यातच वाढलीस."

संस्थेचे कपडे धुण्याचे यंत्र बिघडल्यामुळे पूर्वीने कोट घरी नेला होता. तिने तत्काळ आईला, नीराबाईंना, फोन लावला.

"आये, माझा कोट कुठं सुकवलास?"

"बोंबलांच्या बांबूवर, अजून कुठं? तवढा ऊन दुसरीकडं हाय का?"

"अगो आये, त्या वासानं माझे उंदीर पिसाळले!"

"आवडला ना त्यांना? मंग धाडू का चार बोंबील?"

पूर्वी रडता रडता हसू लागली. सरही हसले, पण म्हणाले, "हे सिद्ध करून दाखव." मला ते पटले. उत्तेजकवाले तसेही धावतच असतात, त्यामुळे गंधाचा परिणाम केवळ आमच्यातच उठून दिसला, हे खरे. परंतु नुसत्या तर्काने शास्त्र चालत नाही.

सोमवारी कोरा कोट घालून पूर्वीने मला पेटीत ठेवले. सर, बुधाजी, पूर्वी, तिघेही श्वास रोखून पाहत होते. मी एक फेरी मारली, मिशा पुसल्या आणि बसलो. माझ्यामागून माझा सगळा गट बसला. इतक्या शांतपणे बसलेल्या उंदरांना पाहून टाळ्या वाजवणारी माणसे जगात अन्यत्र नसावीत. तो आठवडा वगळून पूर्वीचे काम मान्य झाले.

आता मी वृद्ध आहे. शेवटी आमचे मेंदू तपासले जातात आणि माझी पाळी जवळ आली आहे, हे मी जाणतो. तोवर बुधाजी मला रोज शेंगदाणा देतात. एकच विनंती आहे. उद्या पूर्वीचा आलेख आपल्या पाहण्यात आला, तर उत्तेजकवाल्यांच्या उंच रेषांशेजारी तळाशी एक ठेंगणी रेषा दिसेल. तिला हसू नका. तिच्याखेरीज त्या उंच रेषांची उंची मोजताच येत नाही. ती रेषा मी आहे.