पुढे बघून बोला

रेकॉर्डिंग अडतीस मिनिटांचं होतं. त्यात हवामानाचा विषय अकरा वेळा निघाला होता, लेमन बार या लिंबाच्या वड्यांचा नऊ वेळा, पेरणीचा सहा वेळा. उपदेशाचा चार वेळा, आणि चारही वेळा एकाच शब्दात: छान. उणिवा शून्य.

ब्रिटा होवलंडने ही मोजणी गव्हाच्या गोदामात, दोन ट्रकांच्या मधल्या रिकाम्या वेळात केली. तिथे तिचं काम येणाऱ्या गव्हातला ओलावा आणि प्रथिनं तपासण्याचं. तपासल्याशिवाय कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हणायचं नाही, ही सवय तिला तिथेच लागली होती. त्यामुळे सेमिनरीच्या शिक्षकांनी दुसऱ्यांदा तोच शेरा मारून रेकॉर्डिंग परत पाठवलं, तेव्हा तिला राग आला तो शिक्षकांचा नव्हे. "ही स्तुती आहे, मूल्यमापन नाही." खरंच होतं ते.

तीन वर्षं ती पाळक होण्याचं शिक्षण घरी बसून घेत होती. सेमिनरी चारशे मैलांवर, धडे संगणकावर. उरलेलं शिक्षण आपल्याच चर्चच्या लूथरन मंडळीत, जुन्या पाळकाच्या, पास्टर ऑबर्ग यांच्या, हाताखाली. नियम असा, की विद्यार्थ्याने चर्चमध्ये उपदेश करायचा, मग मंडळीतल्या चौघांनी त्याच्यासोबत बसून उपदेश कुठे कमी पडला ते बोलायचं, आणि उपदेशाचं आणि त्या बोलण्याचं अशी दोन्ही रेकॉर्डिंग पाठवायची. बोलणं नाही तर गुण नाहीत. तिसरी संधी शेवटची होती, एप्रिलअखेरपर्यंत. हा विषय सुटला नाही, तर मे महिन्यात बिशपची समिती तिच्या नावाचा विचारच करणार नव्हती. जूनमध्ये पास्टर ऑबर्ग निवृत्त होणार. त्यानंतर ती नसेल, तर साठ मैलांवरून कोणीतरी सहा आठवड्यांतून एकदा प्रभुभोजन द्यायला येणार. पलीकडच्या गावातलं चर्च असंच सुरू झालं होतं बंद व्हायला.

रविवारी उपासनेनंतर तळघरातल्या सभागृहात चौघं पुन्हा जमले. ऑर्गन वाजवणाऱ्या ऐंशी पार केलेल्या ओर्फा नायगार्ड, मंडळीचे अध्यक्ष डेल्मार स्टेन्सरूड, शाळेची बस चालवणारी लव्हॉन आणि स्वतः पास्टर व्हर्लिन ऑबर्ग. ब्रिटाने फोन मेजावर ठेवला आणि हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले.

"हे बघा, मला वाईट वाटणार नाही. मेंढरांवरचा तो उपदेश कुठे चुकला तेवढं सांगा. एक तरी गोष्ट."

चौघांनी आपापल्या कपात पाहिलं.

"आवाज छान होता," ओर्फा म्हणाल्या. "मागेपर्यंत येत होता."

"ते मागच्या वेळीही सांगितलंत."

"खरी गोष्ट दोनदा सांगितली तर बिघडलं कुठे? बार घे ना. लिंबू जरा जास्त पडलंय."

"बारची उणीव लगेच सापडली!"

"बार मी केलेत ना," ओर्फा शांतपणे म्हणाल्या.

लव्हॉन हसली. डेल्मार म्हणाले, जमीन अजून ओली आहे, दहा दिवस तरी ट्रॅक्टर घालता येणार नाही. पास्टर ऑबर्गनी मान डोलावली. विसाव्या मिनिटाला ब्रिटाने फोन बंद केला आणि कप विसळायला उठली. तिने कप इतक्या जोरात आपटले, की एकाचा कान तुटला. त्यावरही कोणी काही बोललं नाही.

बाहेर आली तर तिची गाडी चिखलात रुतलेली. डेल्मारनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा तिच्या बुटांकडे.

"चल, सोडतो. संध्याकाळी येऊन ओढून काढतो हिला."

पिकअप दोन मैल गेली. वायपर काचेवरचा चिखल इकडून तिकडे करत होते. मग रस्त्यावरची नजर न काढता डेल्मार म्हणाले, "ते मेंढपाळाच्या हयगयीचं बोललीस ना, ते नसतं बोललीस तर बरं झालं असतं."

ब्रिटा गर्रकन वळली. "हेच! अहो, हेच हवंय मला! आत का नाही बोललात?"

तिने तोंडाकडे पाहिलं मात्र, डेल्मारचा चेहरा दार लावून घ्यावं तसा बंद झाला. घर येईपर्यंत ते पुन्हा पेरणीवर बोलत राहिले.

त्या रात्री तिला राग आवरेना. तीन वर्षं नोकरी सांभाळून ती बायबलसाठी ग्रीक क्रियापदं पाठ करत होती, आणि आता सगळं अडलं होतं ते चार भल्या माणसांच्या भलेपणापाशी. मग तिला गोदामाचं अंगण आठवलं. तिथे दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या राहतात, काचा खाली होतात, आणि माणसं समोर बघत एकमेकांना असं काही ऐकवतात, की जे मेजाशी बसून सात जन्मांत म्हणाली नसती. इथली माणसं खरं बोलत नाहीत असं नव्हतं. तोंडाकडे बघून बोलत नाहीत, एवढंच.

तिने लव्हॉनला फोन केला. "तुझी बस मिळेल?"

"शाळेच्या कामाशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. अंगणात उभी असते, हवी तेवढी बघ."

"उभीच हवी आहे."

पुढच्या रविवारी लव्हॉनच्या अंगणात पाचही जण पिवळ्या बसमध्ये चढले. बाकं सगळी पुढे तोंड केलेली. ओर्फांना चढवायला दोघं लागले.

"चालकाच्या सीटवर मी बसणार," लव्हॉन म्हणाली. "बाकी कुणी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. चालू बसमध्ये उभं राहायचं नाही."

"बस उभी आहे, बाई," पास्टर म्हणाले.

"नियम तो नियम."

ब्रिटा पहिल्या बाकावर, फोन मांडीवर घेऊन बसली. "सगळ्यांनी पुढे बघून बोला. मी मागे वळणार नाही."

हीटर घरघरत होता. समोर काचेतून अवजारांची शेड तेवढी दिसत होती. 

मग लव्हॉन शेडकडे बघत म्हणाली, "तू फार समजावतेस. कळप केवढा, एकरी किती मेंढरं चरतात, त्या देशात पाऊस किती पडतो... मला वाटलं शेवटी पेपर घेतेस की काय."

"आणि शेवट तीनदा केलास," मागून ओर्फांचा आवाज आला. "पहिल्या शेवटाला मी ऑर्गनच्या पायपट्ट्या दाबायचे बूट घातले. दुसऱ्याला पट्ट्यांवर बोटं ठेवली. तिसरा येईपर्यंत माझी कंबर धरली."

ब्रिटा हसणार होती. पण मागे डेल्मारनी घसा खाकरला.

"तू म्हणालीस, चांगल्या मेंढपाळाच्या हातून मेंढरू सहसा हरवत नाही. हरवलं, तर कुठेतरी हयगय झालेली असते." ते थांबले. "मार्चच्या हिमवादळात माझी एकतीस वासरं गेली. कमरेला दोर बांधून गोठ्यापर्यंत जात होतो, दोर नसता तर मीही परत आलो नसतो. दोन वासरं उचलून घरात आणली. बायकोने टबात गरम पाणी भरलं. त्यातलं एक टबातच गेलं. आणि दोन रविवारांनी तू हे बोललीस."

ब्रिटाची मान वळायला लागली.

"पुढे," लव्हॉन आरशातून बघत म्हणाली.

"मला वासरांचं माहीत होतं," ब्रिटा काचेला म्हणाली. "पण लिहिताना... माझ्या डोक्यात मेंढरंच होती. आणि दारात माझा हात धरून तुम्ही म्हणालात, छान झालं."

"मग काय म्हणायचं होतं? मागे रांग उभी होती."

"पण बाकी तिघांपैकी कोणीच कसं सांगितलं नाही?"

"अगं, तू शिकतेयस," ओर्फा म्हणाल्या. "शिकणाऱ्या पोरीला कोण बोलतं? खरा पाळक आला की मग बघू, असं वाटलं."

"म्हणजे मी कोण?"

"तू आमची."

 ब्रिटाने दुसरीकडे मोर्चा वळवला. "पास्टर, तुमच्या लक्षात आलं होतं?"

"ऐकताक्षणीच," पास्टर ऑबर्ग म्हणाले. "मला वाटलं, डेल्मारला ऐकू गेलं नसेल."

"पास्टर, मी बहिरा नाही. लूथरन आहे."

लव्हॉनचं कोपर हॉर्नवर पडलं आणि शेडवरची कबुतरं उडाली. हसणं ओसरल्यावर पास्टर म्हणाले, "चौतीस वर्षं मीही त्याच दारात उभा आहे. छान झालं, छान झालं. त्यातलं खरोखर छान किती होतं, मला आजही माहीत नाही."

"सांगू?" ओर्फांनी विचारलं.

"नको."

ब्रिटाने मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. अजून चालू होता. "डेल्मार, मी काय बोलायला हवं होतं?"

"मला काय विचारतेस? शिकायला मी गेलो होतो?" मग ते शेडकडे बघत म्हणाले, "काही बोलायलाच नको होतं. आदल्या दिवशी येऊन गोठ्यात उभी राहिली असतीस, तरी पुरलं असतं."

"ते शिकवायचं काम माझं होतं," पास्टर म्हणाले. "हिला गाडीत घालून तुझ्याकडे आणायचं. मी हिच्या तळटीपा तपासत बसलो."

"डेल्मार, मला खरंच..."

"ते मशीन चालू आहे ना? मग राहू दे."

घरी आल्यावर पास्टरांचा फोन आला. आपलं चौतीस वर्षांचं रडगाणं कापून टाकलं तर बरं, ते म्हणाले. शिक्षकांना त्याचं काय? ब्रिटाही दुसऱ्याच कापाकापीचा विचार करत होती. उपदेशाचे गुण ऐंशी होते, संवादाचे वीस. डेल्मारचं बोलणं तसंच ठेवलं, तर संवाद मान्य होईल आणि उपदेश बुडेल. काढलं, तर मागे उरणार मेंढरांचं गणित आणि ओर्फांची कंबर, दोन्ही निरुपद्रवी.

"पास्टर," ती म्हणाली, "ओल्या गव्हाचं पोतं मी कधी बाजूला लपवलंय का?"

"नाही. पण तो गहू दुसऱ्याचा असतो."

तिने फोन ठेवला, शिव्या घातल्या, मग तासभर ओट्यापाशी उभी राहिली. रेकॉर्डिंग जसंच्या तसं गेलं.

निकाल आला त्या शुक्रवारी गोदामात ट्रकांची रांग होती. तिने हातातला नमुना यंत्रात ओतला, झाकण लावलं आणि मगच फोन उघडला.

संवाद: वीसपैकी एकोणीस. उपदेश: ऐंशीपैकी बावन्न. एकूण एकाहत्तर. उत्तीर्ण होण्यासाठी सत्तर.