डोहाळ्याची माती

उधई, म्हणजे वाळवी, तीन जातींची असते आणि तिन्ही मला ओळखता येतात. पहिली वावरातली. ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या खोडावर मातीचा पातळ पापुद्रा चढवते आणि त्याच्या आडोशानं खोड खाते. माणसाच्या घराशी तिचं फारसं देणंघेणं नसतं. दुसरी कोरड्या लाकडातली. ती जमिनीला शिवत नाही, दाराच्या चौकटीतच जन्मते आणि तिथंच मरते. चौकटीखाली राजगिऱ्यासारखे दाणे सांडलेले दिसले की ती आहे असं समजायचं. तिसरी जमिनीतली, आणि ती सगळ्यांत वाईट. तिला ओल लागते, म्हणून ती भिंतीवर करंगळीएवढी मातीची नळी बांधत, त्या नळीच्या आतून चालत, घरात येते. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईला एवढं ज्ञान आजवर पुरलं होतं.

पवनारला नदीच्या अंगाला आमचं वावर आहे आणि वावराला लागूनच स्लॅबचं घर. मी वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवते, मुलगा नीरज वर्ध्याला एका कचेरीत कारकून आहे, आणि अंकिता माझी सून. दोनदा तिचं पोट राहिलं आणि दोनदा पडलं. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून परतताना बसमध्येच मी मनाशी ठरवलं की तिसरं आलं तर ते घरी येईल, मग मला काहीही करावं लागो. माझं तोंड वाईट आहे हे गाव जाणतं. पण मी बोललेलं करते हेही जाणतं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा एका दुपारी ती चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"आई, मले माती खावाशी वाटते."

"कोणती वं? चुलीची का नदीची?"

"वारुळाची."

बांधावर पळसाखाली आमचं वारूळ आहे, माझ्या कमरेहून उंच. नागपंचमीला गावातल्या बाया तिथं दूध ठेवतात, त्याला कुणी काठीसुद्धा लावत नाही. पण डोहाळा मोडला तर पोराची लाळ गळत राहते, हेही आमच्याकडे तितकंच पक्कं आहे, आणि आधीच्या दोन्ही वेळी या पोरीनं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, हात जोडले, काय बोलायचं ते बोलले आणि घाव घातला. ढेकूळ निघालं ते आतून ओलं होतं, नव्या माठासारखा वास येत होता. तव्यावर भाजून दिलं. तिनं ते गुळाच्या खड्यासारखं चघळून खाल्लं, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या गालांवर रंग आला.

पाचव्या महिन्यात तपासणीला गेलो तर डॉक्टरीण माझ्यावरच घसरली. माती बंद, पलंगावरून उठणं बंद. मी घरी येऊन डब्यातली उरलेली माती उकिरड्यावर फेकली. अंकिता रडेल, हट्ट करेल, असं मला वाटलं होतं. तिनं नुसतं भिंतीकडे तोंड केलं. जेवण तिचं चिमणीएवढं झालं, तरी पुढच्या तपासणीत वजन वाढलेलं, रक्त वाढलेलं. डॉक्टरीण म्हणाली, काय खाऊ घालता ते चालू ठेवा.

नळी मला त्याच आठवड्यात दिसली. मोरीच्या कोपऱ्यातून निघालेली, ताजी, ओली. मी ती विळ्यानं खरवडून काढली, सकाळी पुन्हा होती. उधईचा हट्ट मला माहीत आहे, त्याचं नवल वाटलं नाही. नवल वेगळंच होतं. ती नळी सागवानी चौकटीला वळसा घालून पुढं गेली होती. वाटेत नीरजच्या रद्दीचा गठ्ठा होता, तुरीच्या पोत्याखाली लाकडी फळी होती, कशालाच तिचं तोंड लागलेलं नव्हतं. भुकेलं जनावर मांडलेल्या ताटाजवळून असं निघून जात नाही.

नीरजनं वर्ध्याहून निकेश नावाचा औषध मारणारा बोलावला. बोलका गडी, पाठीवर पंप, खिशात दोन मोबाइल.

"काकू, जमिनीतली हाय," तो म्हणाला.

"ते मले दिसून राह्यलं. खात काऊन नाई, ते सांग."

"उपास असन तिचा!" तो स्वतःच हसला. मग त्यानं मला भिंतीला कान लावायला सांगितलं आणि बोटानं नळीजवळ टकटक केलं. आतून खसखस उठली, सुपात कणी हलवावी तशी. "घाबरल्या की डोकं आपटतात त्या. आवाज आला म्हणजे घर भरलेलं हाय." त्यानं नळीचा तुकडा चुरडून दाखवला. थुंकीत माती कालवून त्या लिंपतात, एकदा फुटलं की लगेच पुन्हा लिंपतात, असं तो सांगत होता. "पण ह्या मारून उपयोग नाई, काकू. राणी असते एक. पोट हे एवढं. तिले हलता येत नाई, पडून राह्यते, बाकीच्या तोंडात घास भरवतात. ते जिथं असन तिथं सारी नळी जाते."

बोलत बोलत तो नळीच्या मागं चालला होता. बैठक ओलांडून ती अंकिताच्या खोलीत शिरली होती, आणि पलंगाच्या उशाशी, वीतभर उंचीवर, संपली होती. नळीचं तोंड उघडं होतं. अंकिता पडल्या पडल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि ओठाच्या कोपऱ्यावरून जीभ फिरवली.

निकेशनं पुढं विनोद केला नाही. औषध कडक आहे, वहिनींना माहेरी पाठवा, एवढंच बोलला.

सातवा लागलाच होता. नीरज तिला जामला, तिच्या माहेरी, पोचवून आला. दुसऱ्या दिवशी निकेश पंप घेऊन आला आणि नळीला बोट लावताच ती भुगा होऊन खाली सांडली. त्यानं मोरीपासून खोलीपर्यंत ठोकून पाहिलं, मीही कान लावला. कुठंच आवाज नव्हता.

"मी तं अजून औषध मारलंच नाई," तो म्हणाला.

मी जामची बस धरली.

विहीणबाईंनी चहा ठेवला. काही खात नाही हो पोरगी, पण भरली कशी पाहा, असं कौतुकानं म्हणाल्या. मग म्हणाल्या, भिंतीवर मातीची रेघ आली होती, आज सकाळी मी झाडू मारला. मी चहा तसाच ठेवून आत गेले.

अंकिताचा चेहरा उतरला होता. "आई," तिनं माझा हात धरला, "सकाळपासून हललं नाई ते."

मी खाली बसून तिच्या पोटाला कान लावला. काही नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळी असंच काही नव्हतं. माझं बोट आपोआप पलंगाच्या लाकडावर वाजलं. टकटक.

पोटातून खसखस उठली, सुपात कणी हलवावी तशी.

"ठोकू नका, आई," अंकिता हळू म्हणाली. "घाबरते ते."

मी कान काढला. तिच्या उशामागं भिंतीवर नळी होती, मधेच झाडूनं तुटलेली, दोन्ही टोकं वाळत चाललेली. खाली फरशीवर तिची माती पडली होती. बाहेर विहीणबाई कपबश्या वाजवत होत्या. मी उठून दार लोटलं, चिमूटभर माती उचलली, तोंडात घालून ओली केली आणि अंगठ्यानं तुटलेल्या जागी लिंपली.

"हललं," अंकिता मागून म्हणाली.

मी दुसरी चिमूट तोंडात घातली.